शहराला टेकलेलं गाव ओळखायचं कसं: आधी वढा, मग वाट, मग घर

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण छत्रपती संभाजीनगरच्या भोवती कुठंबी जा, बीड बायपास, पैठण रोड, वाळूज, सावंगी, झाल्टा फाट्याच्या पुढं, सगळीकडं आता सारखंच चित्र आहे. मधोमध दोन-तीनशे उंबऱ्याचं जुनं गाव, भोवताली शेतं फोडून पडलेली प्लॉटिंग, प्रत्येक प्लॉटिंगला कुठलं तरी 'नगर' नाहीतर 'पार्क' असं नाव, आणि राहणारे निम्मे लोक बीड, परभणी, हिंगोली, जालन्याकडून कामाला आलेले. त्यांना गाव माहीत नाही हे समजू शकतो, पण इथंच जन्मलेल्या आमच्या पोरांना पण आता शिवरस्ता कुठला आणि बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, कुठं हे सांगता येईना झालंय, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे लिहायलो.

हे प्लॉट बघणाऱ्यांना कामाचं आहे, भाड्यानं राहायला आलेल्यांना आहे, नवीन बदलून आलेल्या गुरुजींना आहे, आशाताईंना आहे, पार्सल पोचवणाऱ्या पोरांना तर लईच. तीन-चार रविवार लागतात. एक चार्ट पेपर, पेन्सिल, फोन, पाण्याची बाटली, आणि गावातलं एक जुनं माणूस. शेवटची गोष्ट नसली तर बाकीच्याचा उपयोग निम्माच. मी माझ्या चुलत आजोबांसोबत फिरलो, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, ऐंशी ओलांडलीय पण चालायला खमके आहेत, आणि काठी जमिनीवर टेकवून 'हितं बघ' म्हणायची त्यांची सवय आहे. ती काठी जिथं टेकली तिथं मी पेन्सिलीनं खूण करत गेलो, एवढीच माझी पद्धत.

कधी निघायचं

दोनदा फिरायचं. एकदा चैत्र-वैशाखात, सकाळी सहा ते नऊ, त्याच्यानंतर ऊन सहन होत नाही. या दिवसात रान मोकळं असतंय, बांध दिसतात, हद्दीचे दगड दिसतात, नजर लांब जाती. श्रावण ते दिवाळी रानात काही कळत नाही, कपाशी छातीला लागती आणि तूर डोक्याच्या वर जाती. दुसऱ्यांदा मात्र पावसातच जायचं, मोठा पाऊस उघडल्यावर एका घंट्याच्या आत, पाणी कुठून येतंय आणि कुठं जातंय ते बघायला. हे दुसरं फिरणं लोक टाळतात आणि तिथंच फसतात.

पहिल्या दिवशी गावात शिरूच नका. आधी माळावर चढा, नाहीतर ओळखीच्याची तीन मजली गच्ची गाठा, आणि पंधरा मिनिटं नुसतं बघा. उन्हाळ्यात सगळं पिवळं पडलेलं असतंय, त्याच्यात एक हिरवी रेघ वाकडीतिकडी गेलेली दिसंल, बाभळी, करंज, मधेमधे शिंदीची झाडं. तो वढा, म्हणजे ओढा. कागदावर पहिली रेघ त्याची काढा, रस्त्याची नाही. रस्ता माणसानं नंतर केलाय आणि उद्या बदलू बी शकतो, पाणी आपली वाट सोडत नाही.

इथंच एक शब्द नीट समजून घ्या. गावातलं माणूस 'वरच्या अंगाला' आणि 'खालच्या अंगाला' म्हणतंय तेव्हा नवीन माणूस फोनच्या नकाशातली वरची बाजू, म्हणजे उत्तर धरून चालतो. तसं नसतंय. वर म्हणजे जिकडून वढ्याचं पाणी येतंय, खाली म्हणजे जिकडं जातंय. आमच्याकडं वरचं अंग मावळतीला आहे, शेजारच्या गावात ते उत्तरेला आहे. दिशा सांगायच्या तर म्हातारी माणसं उगवत-मावळत म्हणतात. एवढं कळलं तरी निम्मे चुकीचे पत्ते बरोबर होतात.

वढ्याच्या काठानं

आता वढ्याला धरून चाला, वरून खाली. जिथं पाणी रस्ता ओलांडतंय तिथं थांबा आणि खाली वाकून बघा. मोरी आहे का नळकांडी पूल आहे, नळ्या किती, केवढ्या, त्यातली बुजलेली किती. हे सगळं लिहून ठेवा. वर वढा पंधरा फूट रुंद आणि रस्त्याखाली दोन फुटाची एकच नळी असंल तर पुढच्या प्लॉटिंगमध्ये पाणी कुठं साचणार ते तिथंच कळतंय.

माझ्या मावसभावानं असाच एक प्लॉट घेतला, वीस बाय तीस, कॉर्नरचा, रेट बाजूच्यापेक्षा कमी. तेव्हा तात्या आमच्या सोबत बघायला आले होते. ते प्लॉटमध्ये गेलेच नाहीत, कंपाउंडच्या भिंतीच्या कडेनं चालत गेले आणि एका ठिकाणी काठीनं गवत बाजूला सारलं. खाली सात दगड होते, ओळीनं, प्रत्येक नारळाएवढा, शेंदूर फिका पडलेला, आणि एका दगडापुढं हिरव्या बांगडीचा तुकडा. तात्या म्हणले, 'ह्या साती आसरा हायेत, आसरा पाण्याच्या काठालाच असत्यात, हितं वढ्याचा डोह व्हता, आमी बैलं धुयाचो.' आसरा म्हणजे पाण्याच्या सात देवी. ज्यानं प्लॉटिंग पाडलं त्यानं मुरूम टाकून डोह भरला होता आणि वढा एका पाइपात घातला होता. भावानं ऐकलं नाही, पैसे देऊन झाले होते. दुसऱ्याच पावसाळ्यात रात्री दोन वाजता घरात गुडघाभर पाणी, पिठाचा डबा तरंगत होता, आणि वहिनी लेकरू कडेवर घेऊन जिन्यात बसलेल्या. अजूनही ढग भरून आले की त्या आधी लेकराचं दप्तर उचलून वर ठेवतात. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली त्याच्यानंतर तरी ही गोष्ट कुणी हसण्यावारी नेऊ नये.

म्हणून वढ्यापाशी घाई करू नका. तीन गोष्टी बघून घ्या. एक, माती. वरती मुरूम दिसतोय आणि हातभर खाली उकरलं की काळी ओली माती लागती, तर तो भराव आहे. काळी माती पाण्यानं फुगती आणि उन्हाळ्यात भेगाळती, त्यामुळं पाया कठीण मुरमापर्यंत नेला नाही तर भिंतीला तिरप्या चिरा पडतात, आजूबाजूच्या घरांच्या भिंती बघितल्या की लगेच लक्षात येतंय. दोन, विहिरी. जुन्या विहिरी बहुतेक वढ्याच्या जवळ खोदलेल्या असतात, दोन-तीन विहिरी एका ओळीत सापडल्या तर पाण्याची वाट तीच. तीन, गूगल अर्थवर जुन्या वर्षांची सॅटेलाइट चित्रं बघता येतात, वर्ष मागं सरकवत जा, प्लॉटिंगच्या आधी तिथं काय होतं ते दिसतंय. तात्यांनी काठीनं दाखवलेला डोह मला नंतर त्या चित्रात सापडला, काळपट ठिपका, बरोबर त्याच जागी.

शहर आणि गाव पाण्यानं कसं जोडलंय हे पण बघण्यासारखं आहे. खाम नदी उत्तरेच्या डोंगरातून येती, हर्सूलवरून शहरातून जाती आणि पुढं गोदावरीला मिळती, चिकलठाण्याच्या बाजूला सुखना आहे. आपला वढा यातल्या कुणाला मिळतो ते शोधून काढा. आणि हर्सूलच्या बाजूला राहत असाल तर रानात मधेच दगडी बांधकामाचे जुने मनोरे दिसले तर ते पाडायचं पाप करू नका, मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या नहर-ए-अंबरीच्या त्या खुणा असू शकतात, खालून पाण्याचा भुयारी मार्ग गेलेला असतो.

पांढरी आणि देव

दुसऱ्या रविवारी गावात शिरा. जुन्या भाषेत गाव वसतं ती पांढरी आणि पीक येतं ती काळी. शेकडो वर्षं मातीची घरं पडली, परत बांधली, राख-शेण मिसळलं, त्यानं गावाखालची जमीन पांढुरकी झाली आणि आजूबाजूपेक्षा उंच झाली. माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, टाकायला लोक हीच माती न्यायचे. जुनं गाव कुठपर्यंत होतं हे ओळखायचं असंल तर ही उंची आणि हा रंग बघा, पाटी-बोर्ड बघू नका. गढीचा एखादा बुरूज शिल्लक असला तर तो बहुतेक पांढरीच्या सगळ्यात उंच जागी असतो.

मग देवांची जागा लिहून घ्या, आणि हे मी श्रद्धेनं तर सांगतोच पण नकाशासाठी पण सांगतो. वेशीत मारुती. वेस पडून गेली असंल, कमान गेली असंल, पण मारुती सांगतो की गावाचं तोंड इकडं होतं आणि जुना मुख्य रस्ता इथूनच आत यायचा. मरीआई गावाच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे वस्ती तिथं संपायची. म्हसोबा बांधावर. आसरा पाण्याला. खंडोबा बऱ्याच ठिकाणी माळावर किंवा डोंगराच्या पायथ्याला. पीर किंवा दर्गा असंल तर त्याच्या उरुसाची संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, कुठून निघती ते विचारा. फक्त एक चौकशी करायची, रस्ता रुंद करताना देव हलवला होता का, कारण हायवेच्या कामात काही देवळं मागं सरकलीत आणि मग खूण चुकती.

पोळ्याच्या दिवशी बैलं कोणत्या रस्त्यानं मारुतीला येतात आणि जत्रेत छबिना, म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक, कुठून कुठं फिरतो, हे दोन मार्ग नकाशावर रंगीत पेन्सिलीनं काढा. हे रस्ते सहसा बदलत नाहीत. आमच्याकडं छबिना एका जागी सरळ जायचं सोडून दोन घरांच्या मागून वळतो, लहानपणी मला वाटायचं उगीच लांबून नेतात, तात्यांनी सांगितलं की तिथं जुनी बारव होती, पालखीला पाण्यावर थांबायचा मान होता. बारव आता स्लॅबखाली गेलीय. पण पालखी अजून त्या स्लॅबवर थांबती आणि बाया तिथंच तांब्याभर पाणी ओततात.

गल्ल्यांची नावं लिहिताना एक सांभाळा. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतलाय, नकाशावर नवीनच नाव लिहा, समतानगर असो का भीमनगर. त्या वस्तीतल्या लोकांना विचारून लिहा, पारावर बसलेल्यांना विचारून नको.

वाटा

आता रस्ते. डांबरी रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड बघा, त्याच्या डोक्याचा रंग रस्त्याची जात सांगतो. पिवळा असंल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असंल तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा जिल्ह्याचा रस्ता, भगवा असंल तर ग्राम सडक योजनेसारखा खेड्याचा रस्ता. बोर्डावर 'प्रजिमा', 'इजिमा', 'ग्रामा' असं लिहिलेलं असतंय, म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग, आणि पुढं नंबर. गावात ज्याला लोक अजून 'दोनशे अकरा' म्हणतात तो धुळे-सोलापूर हायवे आता राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे, फोनवर कुणी बावन्न म्हणलं आणि म्हातारं माणूस दोनशे अकरा म्हणलं तर दोघं एकाच रस्त्याबद्दल बोलायलेत.

पण गावाचे खरे रस्ते मातीचे. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता. दोन्ही बाजूंनी बांध आणि मधे गाडी जाईल एवढी वाट ती पाणंद. गाव नकाशा हातात घेतला की तुटक दुहेरी रेघ दिसती ती गाडीवाट, तुटक एकेरी रेघ ती पायवाट. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, पायवाटेची सव्वाआठ. हे आकडे कुठून आले हे मला लई दिवस कळत नव्हतं. मोजणीची साखळी ३३ फुटाची, तिची अर्धी साडेसोळा आणि पाव सव्वाआठ. साखळी बाय साखळी म्हणजे ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट, तोच एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. एकदा हे डोक्यात बसलं की रानात उभं राहून पावलांनी पण अंदाज घेता येतो.

टेप घेऊन जा आणि पाणंद तीन जागी मोजा, सुरुवातीला, मधे, शेवटी. आमची पाणंद नकाशावर गाडीवाट आहे, प्रत्यक्षात मधल्या भागात नऊ फूट भरली. दोन्हीकडच्यांनी दरसाल नांगराचं एक-एक तास सरकवत आणलं, कुणी मुद्दाम वाईट वागलं असं नाही, पण आज तिथून ट्रॅक्टरची ट्रॉली निघत नाही आणि ॲम्ब्युलन्स तर नाहीच. बांधावरून रस्ता मागायचा असंल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३ आहे, चालू वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असंल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे, दोन्ही अर्ज तहसीलदाराकडं. दोन्हीतला फरक लक्षात ठेवा, एक नवीन रस्ता मागायला, दुसरं असलेला मोकळा करायला. पण अर्जाच्या आधी दोन्हीकडच्या भावकीला पारावर बसवून नकाशा दाखवा. आमचं निम्मं काम त्यानंच झालं.

समृद्धी महामार्ग जवळून गेलाय अशा गावांना अजून एक काम. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता, त्याच्यावर कुठूनबी चढता येत नाही आणि आडवं ओलांडता बी येत नाही, त्यामुळं जुन्या वाटा कुठं बंद झाल्या आणि कोणत्या बोगद्यातून निघतात ते बघायलाच लागतंय. प्रत्येक बोगद्याची उंची आणि पावसाळ्यात पाणी साचतंय का ते लिहा. कडब्याची गाडी कुठल्या बोगद्यातून निघती हे शेतकऱ्याला विचारा, त्याला अनुभवानं माहीत असतंय. रेल्वेच्या खालून जाणाऱ्या रस्त्याचं पण असंच.

नावं

मला सगळ्यात जवळचा भाग हा आहे, कारण नावं कुठल्याच ऑफिसात लिहिलेली नाहीत. प्रत्येक वावराला नाव असतंय. चिंचेचं वावर, वढ्याचं रान, बरड, लवण, पांदीकडचं, आखर, गोदरी. यातलं प्रत्येक नाव जमिनीबद्दल सांगतंय. लवण म्हणजे सखल जागा, पाणी तिकडं धावणार. बरड म्हणजे हलकी मुरमाड, तिथं पीक कमी पण घराला पाया चांगला. चिबड म्हणलं की पाणी धरून ठेवणारी जमीन, तिथं घर बांधायचं तर दहादा विचार करा. आखर म्हणजे गुरं गोळा व्हायची मोकळी जागा. लवणात पाडलेल्या प्लॉटिंगला 'हिल व्ह्यू' नाव दिलं तरी पाणी ते नाव वाचत नाही, ते जुन्याच नावानं वागतंय.

आजी लोकांना विचारा, आजोबांना रस्ते माहीत असतात पण वावरांची, विहिरींची आणि झाडांची नावं बायांना जास्त माहीत, कारण निंदा-खुरपायला, सरपणाला, पाण्याला त्या जास्त फिरल्यात. माझ्या आजीनं एका बसणीत एकोणतीस नावं सांगितली, मी फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवला, आणि तुम्हीबी तसंच करा, लिहीत बसलात तर बोलणं तुटतंय.

नवीन माणसानं हे पण लक्षात ठेवावं की इकडं काही नावं दोन असतात. संभाजीनगरात कुणी 'साताऱ्याला राहतो' म्हणलं तर ते बीड बायपासजवळचं खंडोबाचं सातारा, पश्चिम महाराष्ट्रातलं नाही. वाळूजजवळ पंढरपूर आहे, आषाढी एकादशीला तिथं पण मोठी गर्दी असती, रिक्षावाला पंढरपूर म्हणला तर घाबरू नका. रांजणगाव म्हणजे शेणपुंजीचं. आणि चौकांची नवीन नावं बोर्डावर असतात, बोलण्यात जुनीच, महावीर चौक लिहिलेलं असलं तरी रिक्षावाल्याला 'बाबा पेट्रोल पंप' म्हणलं की लगेच कळतंय. मेन रोडवरून गावाकडं रस्ता फुटतो त्या जागेला कुठं फाटा म्हणतात, कुठं पाटी, जालन्याकडं चौफुली पण म्हणतात, अंबड चौफुली, मंठा चौफुली. तुमच्या गावात कोणता शब्द चालतो तो वापरा. एसटीच्या कंडक्टरला त्याच शब्दात सांगितलं तर गाडी बरोबर जागी थांबती.

कागद

चालून झाल्यावर कागद बघायचे, आधी नाही. आधी कागद बघितले की डोळ्यांना रेघाच दिसतात, जमीन दिसत नाही.

महाभूनकाशा नावाची सरकारी वेबसाइट आहे, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावाचा नकाशा गट नंबरसकट येतो, गटावर बोट ठेवलं की शेजारचे गट कळतात. त्याचा प्रिंट काढा आणि तुमच्या हाताच्या नकाशाशेजारी ठेवा. जुनी माणसं सर्व्हे नंबर सांगतात आणि सातबाऱ्यावर गट नंबर असतो, जमिनीचे तुकडे जोडून एकत्रीकरण केलं तेव्हा जुने नंबर बदलले, दोन्ही लिहून ठेवा. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, ०.४० म्हणजे ४० आर, साधारण एक एकर.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथं ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, तो कर आकारणीचा उतारा, आणि तलाठ्याकडचा ८अ वेगळा, तो खातेदाराच्या एकूण जमिनीचा. या दोन आठांत लोक लई गोंधळतात आणि तेवढ्यात फसवणूक होती. स्वामित्व योजनेत, जी २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, ड्रोननं गावठाण मोजून मिळकत पत्रिका द्यायचं काम चालू झालंय, तुमच्या गावाचं झालं असंल तर तो नकाशा सगळ्यात नवीन. तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, बोर्डावर तसं दिसलं तर तेच ऑफिस.

आपल्या मराठवाड्यात अजून एक बघायलाच लागतंय. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं सातबाऱ्यावर किंवा जुन्या फेरफारात 'खिदमतमाश', 'मदतमाश' असे शब्द येतात. खिदमतमाश म्हणजे देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेली इनाम जमीन, मदतमाश म्हणजे कुणाच्या उदरनिर्वाहासाठी दिलेली. असा शब्द दिसला किंवा 'गायरान', म्हणजे गुरं चारायची सरकारी जमीन, असं लिहिलं असंल तर बयाणा द्यायच्या आधी थांबा आणि जाणत्या वकिलाकडून जुने कागद वाचून घ्या. बरेच जुने कागद उर्दूत असतात, खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी सरकारी नोंद, काढायला लावा. बॉण्डवर गुंठा-गुंठा विकायलेत तिथं तर हे पहिलं विचारा.

नकाशा पुरा करणं

आता चार्ट पेपरवर परत काढा. क्रम तोच, वढा, मग शिव, मग वाटा, मग गावठाण, सगळ्यात शेवटी प्लॉटिंग. मोजमापाची लई काळजी करू नका, वेशीपासून शाळेपर्यंत चारशे पावलं तर चारशे पावलं लिहा. खुणा मात्र अशा निवडा ज्या दहा वर्षं हलणार नाहीत: मारुती, झेडपीची शाळा, पाण्याची टाकी, स्मशानभूमीचं शेड, सबस्टेशन. टपरी, बॅनर, मोबाइलचं दुकान हे खुणा म्हणून नको, सहा महिन्यात बदलतात. लाइटची डीपी मधल्या प्रकारातली, हलती पण सहसा नाही, आणि रात्री अंधारात फोनवर 'डीपीपाशी या' म्हणलं की माणूस बरोबर पोचतो.

पत्ता सांगायची पण एक रीत ठरवा. कोणत्या फाट्यावर उतरायचं, तिथून मारुती कोणत्या हाताला, मारुतीपासून किती पावलं, आणि शेवटी दाराची खूण, निळं गेट, लिंबाचं झाड असं काहीतरी. चार गोष्टी, याच क्रमानं. लोकेशन पाठवा, जरूर पाठवा, पण आमच्याकडं पिन कधी कधी वढ्याच्या पलीकडं पडती आणि पावसाळ्यात पलीकडून इकडं यायला तीन किलोमीटरचा वळसा आहे. बाळंतपणाची गाडी बोलवताना 'वढ्याच्या अलीकडं' हे दोन शब्द आधी सांगा.

ज्याला जमतंय त्यानं ओपनस्ट्रीटमॅपवर पण हे चढवावं, फुकट आहे, कुणालाही भर घालता येती, मराठीत नावं लिहिता येतात. मी तिथं आमची पाणंद, बारव आणि दोन आसरा घातल्यात. कुणाच्या घराचं किंवा माणसाचं नाव तिथं घालू नका, फक्त जागा.

आणि कागदावरचा नकाशा लॅमिनेशन करून शाळेत लावा. आमच्या गुरुजींनी चौथीच्या वर्गात लावलाय, पोरं मधल्या सुट्टीत बोट ठेवून आपापलं घर शोधतात, आणि गेल्या महिन्यात एका पोरीनं येऊन सांगितलं की तिच्या आजीकडं त्यात नसलेल्या एका विहिरीचं नाव आहे. पुढच्या रविवारी तिच्या आजीकडं जायचंय, टेप आणि पेन्सिल घेऊन.